शहरात पुढे वाढवता येतील आणि सामायिक अंगणही असेल, अशी घरं बांधणं शक्य आहे का?

हो, शक्य आहे. नवी मुंबईत बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज बघून या. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, केलेली ही कमी उंचीच्या घरांची वसाहत आहे. सात घरांत मिळून साधारण ८ बाय ८ मीटरचं एक अंगण, आणि असे तीन गट मिळून थोडा मोठा चौक. सातच घरं असल्यामुळे अंगण कोणाचं हा प्रश्न उरत नाही. हजार फ्लॅटच्या ‘क्लब हाऊस’ला ते साधत नाही. पण खरी गोम भिंतीत आहे. दोन घरांत सामायिक भिंतच नाही, त्यामुळे खोली काढायची किंवा मजला चढवायचा तर शेजाऱ्याच्या घराला धक्का लागत नाही. लोकांनी ही मोकळीक पुरेपूर वापरली, इतकी की बरीच मूळ कौलारू घरं पाडून तिथे आरसीसी बंगले उभे राहिले.

मात्र हे गणित जमिनीलगतच्या घरांचं आहे. टॉवरमध्ये घर बाहेर वाढत नाही. तिथे भार कॉलम-बीमवर घेऊन आतल्या भिंती हलवता येतील अशा ठेवणं, एवढंच हाती असतं.