पुढे ३६, मागे १६ दाते: बीएमएक्सला कोणता गिअर रेशो बरा?

तुमच्या २० इंची बीएमएक्सला (उड्या, कसरती आणि छोट्या ट्रॅकवरच्या रेससाठीची लहान सायकल) पुढे ३६ आणि मागे १६ दाते आहेत, सपाटीवर पाय नुसतेच गरगरतात, पार्कमध्येही (रॅम्प असलेल्या मैदानात) चालवायची आहे आणि पुढे रेसचाही विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. ३६ ला १६ ने भागलं की २.२५ येतं, हाच गिअर रेशो: पेडलच्या एका फेरीत मागचं चाक इतक्या वेळा फिरतं. मोठ्या माणसासाठी हा रेशो फारच हलका. २.७५ च्या आसपास या, म्हणजे मागचं १६ तसंच ठेवून पुढे ४४. रेसिंगमध्ये ४४/१६ ही जुनी, मुरलेली जोडी आहे. पार्क आणि स्ट्रीटवाले (रस्त्यावरच्या पायऱ्या-कठड्यांवर कसरती करणारे) २५/९ वापरतात, तो रेशो २.७८ येतो. पायाला दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही.

फरक किती पडेल ते बघा. २० × २.० टायरचा (२० इंची, २ इंच रुंद) घेर साधारण १.५९ मीटर धरा. २.२५ ला पेडलच्या एका फेरीत सायकल ३.५८ मीटर जाते, २.७५ ला ४.३७. मिनिटाला १०० फेऱ्या मारल्यात तर एकीकडे ताशी साडेएकवीस किलोमीटर, दुसरीकडे सव्वीस.

टायरचा हिशेब मात्र बरेच जण सोडून देतात. तोच ४४/१६ ठेवून १.७५ चा टायर काढून २.४ चा लावलात, तर घेर सहा टक्क्यांहून जास्त वाढतो. म्हणजे पुढे जवळपास तीन दाते वाढवल्यासारखंच. म्हणून दुसऱ्याचा रेशो उचलण्याआधी त्याचा टायर विचारा. स्वतःचा घेर मोजायला हवा नेहमीइतकी भरा, व्हॉल्व्ह अगदी खाली आणून जमिनीवर खडूने खूण करा, सायकलवर बसूनच चाकाची एक पूर्ण फेरी होऊ द्या आणि दुसरी खूण करा. न बसता मोजलंत तर आकडा थोडा जास्त येतो.

पुढचा एक दात म्हणजे बारीक फरक, मागचा एक दात म्हणजे मोठा. ४४ चे ४३ केले तर गिअर दोन-सव्वादोन टक्क्यांनी हलका होतो. मागे १६ चे १५ केले तर जवळपास सात टक्क्यांनी जड. रेसला उतरलात की गेट (सुरुवातीच्या रेषेवरचा अडसर) पडल्यावर पहिल्या दोन-तीन पेडलांकडे लक्ष द्या. तिथे सायकल उठत नसेल तर पुढचा एक दात कमी करा. सुटलात छान, पण पहिल्या जंपच्या आधीच पाय रिकामे फिरायला लागले तर एक वाढवा. एका वेळी एकच. दोन्ही टोकं एकदम बदलली की कशाने काय झालं ते कळत नाही.

खरेदीआधी मागचं हब (चाकाचा मधला भाग) बघा. १६ चं फ्रीव्हील (मागचं दातेचाक) मोठ्या आट्यांवर बसतं, १४ चं लहान आट्यांवर. त्यामुळे १६ च्या हबवर १४ चढत नाही. दुकानदार ‘बसेल, बसेल’ म्हणाला तरी. ९ दात्यांचा ड्रायव्हर (हबमध्येच बसवलेलं छोटं दातेचाक) तर फ्रीव्हीलच्या हबवर बसतच नाही, म्हणजे तिथे हबच बदलावं लागेल. त्यापेक्षा पुढचं चेनव्हील (पेडलजवळचं दातेचाक) बदलणं स्वस्त. पण ४४ ची त्रिज्या ३६ पेक्षा १६ मिलिमीटरने जास्त असते, तेव्हा आताच्या चेनव्हीलच्या दात्यांपुढे फ्रेमच्या नळीपर्यंत किती जागा आहे ते आधी मोजा. जागा नसेल तर ४० घ्या, २.५ सुद्धा आताच्या मानाने खूप बरं.

क्रँक (पेडलचे दोन्ही दांडे) एकाच तुकड्याचा असेल तर तो उजवीकडून बाहेर काढावा लागतो. डावं पेडल आणि डावीकडचा लॉकनट, दोघांचे आटे उलटे असतात. जोर लावण्याआधी हे आठवा, नाहीतर आटे जातील.

२५/९ ची छोटी जोडी दिसायला झकास, आणि ग्राइंड करताना (कठड्यावरून सायकल घासत नेताना) चेनव्हील खाली आपटत नाही. एवढं सोडलं तर मला तिचं फारसं कौतुक नाही. २५ च्या चेनव्हीलवर त्याच जोराला चेनवरचा ताण ४४ च्या पावणेदोनपट असतो आणि मागे मोजकेच दाते तो झेलतात. दाते हुकासारखे वाकले की लँडिंगनंतरच्या पहिल्याच जोराला चेन उडते. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवून उपयोग नाही.

३६ वरून ४४ वर गेलात की चेन दोन इंच वाढवावी लागेल, त्यामुळे नवीच घ्या. १/८ इंच रुंदीची चेन ३/३२ च्या दात्यांवर चालते, उलटं बसत नाही. पुढे एकच दात बदलला तर मागच्या चाकाचा ॲक्सल (मधला दांडा) सुमारे ३ मिलिमीटर सरकवून भागतं. चेन मधोमध वर-खाली सेंटीमीटरभर हलली पाहिजे, पण क्रँक पूर्ण फिरवून सगळ्यात घट्ट जागी तपासा. चेनव्हील क्वचितच अगदी गोल असतं. शेवटी मागचे ब्रेक पॅड बघा. ॲक्सल सरकला की पॅड रिमवर पूर्वीच्या जागी टेकत नाही, आणि टायरला घासायला लागला तर टायरची कडा कापून काढतो.