शिसं शोधायला निघालेल्या मुलीला

दांडिया बाजार, बडोदा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिला. विसर्जनाच्या कृत्रिम तलावातलं पाणी घातलं, शिसं ओळखण्यासाठीचं तुझं जांभळं द्रावण लाल झालं आणि मूर्तींच्या रंगातलं शिसं सापडलं असं तू ठरवूनही टाकलंस! जरा थांब.

१९९४ साली ब्रेकर आणि जॉयस यांनी प्रयोगशाळेत निवड करत करत शिशाच्या मदतीने आरएनएचा बंध तोडणारा डीएनए मिळवला. सजीवांत असा डीएनएझाइम, म्हणजे एन्झाइमचं काम करणारा डीएनए, आजवर सापडलेला नाही. तुझ्या सब्स्ट्रेटमध्ये, म्हणजे तो कापतो त्या साखळीत, सगळा डीएनए, मधे एकच रायबो-एडेनिन, म्हणजे आरएनएचा एक दुवा. साखळी तिथेच तुटते, तिने बांधून ठेवलेले सोन्याचे नॅनोकण सुटे होतात, लाल रंग येतो. पण तो बंध शिशानेच तोडला, हे रंग सांगत नाही. तलावात जिवाणू असतात, आणि त्यांचे आरएनए तोडणारे आरएनएज एन्झाइमही नेमकं तिथेच कापू शकतात. म्हणून सब्स्ट्रेट तोच ठेव आणि डीएनएझाइमच्या गाभ्यातला एखादा महत्त्वाचा बेस बदलून निष्क्रिय जोडीदार मागव. त्याच्यासोबतही रंग बदलला, तर तुझं शिसं खोटं. हा कंट्रोल नसलेला आलेख मी तरी पाहणार नाही.

दुसरं, तू ८-१७ हा डीएनएझाइम घेतलास. तो शिशाने जोरात चालतो हे खरं, पण जस्तानेही चालतो. १९९४ चा तो पहिलाच रेणू, जीआर-५, शिशाच्या बाबतीत कितीतरी काटेकोर आहे. जुना म्हणून त्याला टाकू नकोस.

बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, फॉस्फेटचा असेल तर आजच ओतून दे. शिसं त्यात गाळ होऊन बसतं. त्याऐवजी हेपिस बफर घे.

पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण ४८ नॅनोमोलर. तलावाचं पाणी पिण्याचं नसलं तरी तुझी पद्धत तिथवर पोचायला हवी. नळाच्या स्वच्छ पाण्यात ती पोचेलही. गढूळ पाण्यात मात्र शिसं सेंद्रिय पदार्थांना चिकटून राहतं आणि डीएनएझाइमला ते दिसतच नाही. त्याच नमुन्यात माहीत असलेलं शिसं घालून किती परत मिळतं ते बघ. शिवाय एक भाग आम्लात पचवून अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनला, म्हणजे धातूचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर तपासायला, दे. दोन आकडे जुळले नाहीत तर घाबरू नकोस, माझ्या मते तुझ्या प्रबंधातलं सगळ्यात वाचनीय प्रकरण तेच होईल.

निष्क्रिय जोडीदाराची ऑर्डर देताना एचपीएलसी शुद्धीकरण सांग. बिलाचं तुझ्या सरांशी मी बोलतो.

तुझा,
काका