मूल्यांमुळे माणसाची ओळख घडते म्हणजे नेमके काय होते?

आपण विचारले आहे की, स्वतःची मूल्ये लिहायला बसले की प्रामाणिकपणा, कुटुंब, मेहनत यापलीकडे काही सुचत नाही, आणि ती तर सगळेच सांगतात. मग त्यांतून 'मी' वेगळा कसा ठरतो? माझ्या मते फरक पडतो तो क्रमाने. शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये दहा मूलभूत मूल्ये वर्तुळात मांडली: शेजारशेजारची एकमेकांना पूरक, समोरासमोरची एकमेकांना छेद देणारी. कमीअधिक प्रमाणात ती सर्वांकडे असतात, मात्र कोणाचे कोणते वर आणि कोणते खाली, हे निराळे असते. हा क्रम एरवी आपला आपल्यालाही ठाऊक नसतो. दोन मूल्ये एकमेकांच्या आड आली की मग तो कळतो.

आमचे घर घणसोलीचे, नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्तांचे. वडील गेल्यावर साडेबारा टक्क्यांच्या, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या, भूखंडाला वारसांची नावे लावायची वेळ आली, तेव्हा बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्यायचे हे घरात कोणी ठरवलेही नव्हते, ते गृहीतच होते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे हे सर्वांना माहीत होते; तरीही 'लग्नात तिचे सगळे केले ना?' हा काकांचा प्रश्न कायद्याला भारी पडत होता. (जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले, आणि वाटणीच्या वेळी मात्र घरच्या लेकी धरल्या जात नाहीत, हे मला आजही खटकते.) ताई तर सही करायला तयारच होती, माहेर तुटू नये एवढेच तिला हवे होते. 'घर एक राहावे' आणि 'ज्याचे त्याला मिळावे' ही दोन्ही मूल्ये मला वडिलांकडूनच मिळालेली, पण त्या हक्कसोडपत्राच्या मसुद्यापुढे दोन्ही एकदम सांभाळणे शक्य नव्हते. मी तिचे नाव लावण्याचा आग्रह धरला आणि काकांचे येणेजाणे बंद झाले. तोपर्यंत मी कोणाच्या अध्यात ना मध्यात, असे घरचे मानत आणि मीही मानत असे; ती समजूत तेव्हा मोडली.

मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये केलेला भेद इथे उपयोगी पडतो: पर्यायांचा विचारच न करता वडीलधाऱ्यांकडून उचललेली ओळख वेगळी, आणि शोधून, पारखून स्वीकारलेली वेगळी. पारखल्यावरही जुनीच मूल्ये हाती राहिली, तर त्यात कमीपणा काहीच नाही.

नीना स्ट्रोहमिंगर आणि शॉन निकोल्स या संशोधकांनी २०१५ मध्ये मेंदूच्या आजारांच्या रुग्णांच्या नातलगांना प्रश्न विचारून केलेला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. रुग्णाची स्मरणशक्ती गेली त्यापेक्षा त्याची नैतिक वागणूक बदलली, तेव्हा 'हा आता तो माणूस राहिला नाही' असे नातलगांना अधिक वाटत होते.

तेव्हा यादी सुचत नाही याची चिंता करू नका. कोणत्या गोष्टीसाठी आपण घरच्यांशी वाईटपणा घेतलात आणि कोणत्या वेळी मनात असूनही गप्प बसलात, हे आठवून पाहा. गप्प बसतानाही आपण काहीतरी वर ठेवलेलेच असते, म्हणून दुसऱ्या प्रश्नाला थोडा जास्त वेळ द्या.