मेडिगॅपचा हप्ता दरवर्षी वयामुळे वाढतो का?

वाढतो, पण सगळ्याच पॉलिसींचा नाही. कंपनी दर कसा ठरवते त्यावर ते आहे. अमेरिकेत मेडिकेअरला (मुख्यतः 65 आणि त्यावरच्या वयाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) जोड म्हणून घ्यायच्या या विम्याच्या दराच्या तीन पद्धती आहेत. एकीत वयाचा संबंधच नसतो, 65 चा असो की 80 चा, हप्ता सारखाच. न्यूयॉर्कमध्ये हीच पद्धत सक्तीची आहे. दुसरीत पॉलिसी घेतानाचं वय धरतात आणि पुढे वयापोटी वाढ होत नाही. तिसरीत चालू वय धरतात. हिचा हप्ता 65 व्या वर्षी बहुधा सगळ्यात कमी दिसतो, आणि लोक नेमके तिथेच फसतात, कारण पुढे तो वयाबरोबर चढत जातो. प्लॅन जी (मेडिगॅपच्या ठरावीक लाभांच्या योजनांपैकी एक) कुठल्याही कंपनीचा घ्या, मूळ लाभ तेच. म्हणून एजंटकडून 65, 70, 75 आणि 80 या वयांचे आजचे दर लेखी मागा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. मात्र महागाई आणि उपचारखर्चापोटी होणारी वाढ तिन्ही पद्धतींत होतेच. ‘नंतर कंपनी बदलू’ यावरही विसंबू नका: 65 पूर्ण असताना पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टर आणि बाह्यरुग्ण उपचारांचा भाग) सुरू झाल्यापासून 6 महिने आजार न बघता पॉलिसी मिळते, त्यानंतर बहुतेक राज्यांत नाकारू शकतात.