ग्रनादा: तिकिटावर 'पालासिओस नासारिएस' लिहिलंय का, आधी ते बघा

मे महिन्यात आई-बाबांना घेऊन माद्रिदहून ग्रनादाला जाताय, एका एजंटाकडून अलहंब्राचं (ग्रनादातला सुलतानांचा किल्ला आणि महाल) तिकीट काढलंय आणि त्यावर "बागा, हेनेरालीफे, आल्काथाबा" असं छापलंय (हेनेरालीफे म्हणजे सुलतानांचा उन्हाळी महाल आणि बाग, आल्काथाबा म्हणजे किल्ला). यात सगळं आलं ना, असं तुम्ही विचारलंय. नाही आलं. अगदी हेच तिकीट २०२२ साली माझ्या हातात होतं, म्हणून हातातलं काम बाजूला ठेवून लिहितेय.

ज्यासाठी जग तिथे जातं ते नासरी सुलतानांचे महाल, म्हणजेच स्पॅनिशमध्ये 'पालासिओस नासारिएस', या तिकिटात नसतात. महालांचा प्रवेश ठरलेल्या वेळेचाच असतो आणि ती वेळ तिकिटावर छापलेली असते. तुमच्या तिकिटावर 'पालासिओस नासारिएस' हे शब्द आणि पुढे वेळ नसेल, तर तुमच्याकडे किल्ल्याचं आणि बागांचं तिकीट आहे. ते खोटं नाही, पण महालात सोडत नाहीत.

मी तेव्हा नोकरीसाठी माद्रिदला होते, आई पुण्याहून आली होती. "अलहंब्रा, रांगेशिवाय प्रवेश" असं बघून एका मध्यस्थ कंपनीकडून तिकिटं घेतली, मूळ दरापेक्षा बरेच जास्त पैसे देऊन. फोनवर विचारलंही होतं. "फुल व्हिजिट, मॅडम," असं उत्तर मिळालं. मी ते लेखी घेतलं नाही आणि तिकीट उघडून नीट वाचलं नाही, ही माझी चूक. आधी आल्काथाबाच्या बुरुजावर चढलो, मग महालांच्या रांगेत उभ्या राहिलो. आईने पासपोर्ट प्लास्टिकच्या पाकिटातून काढून हातात तयार ठेवला होता. दारावरच्या मुलीने तिकीट स्कॅन केलं, मान हलवली आणि बोटाने 'हार्दिनेस' हा शब्द दाखवला. हार्दिनेस म्हणजे बागा. आईला काही कळेना, ती पासपोर्ट पुढे करत राहिली.

त्या दिवसाची महालांची तिकिटं केव्हाच संपली होती. कंपनीला फोन केला तर "तपशील वेबसाइटवर दिलेला आहे." पुढचे दोन महिने ईमेल लिहिले, एक युरो परत आला नाही. पैशाचं दुःख नाही. आई तीन आठवड्यांनी परत गेली आणि तिचं ते राहूनच गेलं. पुढच्या वर्षी मी एकटी जाऊन पाहून आले. सिंहांच्या चौकात संगमरवरी बारा सिंह कारंजं पाठीवर घेऊन उभे आहेत, आणि वाकून पाहिलं तर प्रत्येकाचा चेहरा थोडा वेगळा आहे. भिंतींवर "अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही" हे नासरी घराण्याचं वचन जागोजागी कोरलेलं आहे, आणि त्याच घराण्याच्या शेवटच्या सुलतानाने २ जानेवारी १४९२ ला हे शहर स्पेनची राणी इसाबेला आणि राजा फर्नांडोच्या हवाली केलं. तिथे उभी असताना आई सतत आठवत होती.

तेव्हा आता काय करायचं? माझ्या मते आजच अधिकृत साइटवर जाऊन तुमच्या तारखेचं 'जनरल' तिकीट शोधा, त्यात महालही येतात. नाही मिळालं तर रोज रात्री बघत राहा, अधूनमधून एखाददुसरं सुटतं. महालांची रात्रीची भेट वेगळी विकली जाते, तीही चालेल. ग्रनादा कार्डातही (शहराचा पर्यटक पास) नासरी महाल येतात, कार्ड घेतानाच वेळ निवडावी लागते. आणि दुसरं तिकीट हातात आल्याशिवाय एजंटाशी भांडत बसू नका. नियम आणि दर बदलत असतात, मी सांगतेय तो माझा अनुभव, तेव्हा साइटवर खात्री करून घ्या.

तिकिटावर नाव असतं आणि मूळ पासपोर्ट तपासतात, झेरॉक्सवर भागत नाही. स्पॅनिश लोकांना दोन आडनावं असतात, म्हणून फॉर्ममध्ये दुसऱ्या आडनावाचा रकाना दिसेल. तिथे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव टाकू नका. पासपोर्टवर जे 'गिव्हन नेम'मध्ये आहे ते नावातच राहू द्या.

आई-बाबा बरोबर आहेत म्हणून आणखी एक. हेनेरालीफेकडच्या मुख्य दारापासून महालांपर्यंत चांगली पंधरा-वीस मिनिटं चाल आहे, वयस्कर माणसांना त्याहून जास्त. वेळ चुकली तर आत सोडत नाहीत, म्हणून तासभर आधी आत शिरा. गावातून चढ चढू नका, प्लाथा इसाबेल ला कातोलिकाहून सी-३० ही छोटी बस घ्या. महालांना लागून कार्लोस पाचव्याचा राजवाडा आहे, त्याच्या गोल चौकात जायला पैसे पडत नाहीत, तिथे त्यांना सावलीत बसवता येईल. माद्रिदहून एका दिवसात जाऊन येण्याचा बेत मात्र मला अजिबात पटत नाही. एक रात्र राहा आणि संध्याकाळी आल्बाइसिन या जुन्या वस्तीतल्या सान निकोलासच्या चौकातून समोरचा किल्ला बघा.

शाकाहारी असाल तर, ग्रनादात पेयाबरोबर छोटी खाण्याची बशी फुकट येते, पण तिच्यात बऱ्याचदा हॅम असतं. नुसतं "सिन कार्ने" (मांस नको) म्हणून भागत नाही, "सिन हामोन, सिन आतुन" (हॅम नको, ट्यूना मासा नको) हेही सांगा. 'बेरेनहेनास कोन मिएल' म्हणजे वांग्याचे तळलेले काप आणि वर उसाची काकवी, हे मागवा. माझ्या आईने त्या दिवशी दुपारी दोन बशा खाल्ल्या.

तिकिटावरची ओळ जशीच्या तशी इथे टाका (नाव आणि पासपोर्ट नंबर झाकून), मी रात्री बघून सांगते.