संगणक: जोडून घ्यावा की तयार आणावा?

प्रश्न: मुलीला व्हिडिओ संपादनासाठी डेस्कटॉप हवा आहे. तयार घ्यावा की सुटे भाग आणून घरीच जोडावा? — एक वाचक, फोंडा

उत्तर: नुसते हिशेब आणि पत्रव्यवहार असता तर तयारच घ्या म्हटलं असतं, घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी मोलाची. संपादनासाठी मात्र जोडलेला बरा. अनेक तयार संगणकांत मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी) आणि पॉवर सप्लाय (भागांना वीज पुरवणारा डबा) कंपनीच्या खास मापाचे असतात, त्यामुळे पुढे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) वाढवताना अडतं.

रॅमच्या, म्हणजे चालू कामाच्या स्मृतीच्या, १६ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या, एकच ३२ ची नको. दोन असल्या की वेग वाढतो. रॅमसाठी चार खाचा असतील तर बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी वापरायची. प्रोसेसरजवळची वेगळी पॉवर केबल हमखास जोडायची राहते. मग पंखे फिरतात, पडदा काळाच. डीडीआर५ या नव्या पिढीची रॅम असेल तर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो, घाबरून बटण दाबू नका. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावा, मदरबोर्डला नको.

आपल्याकडच्या पावसाळ्यात यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका, दमट हवेनं संपर्क गंजतात. बाहेरच्या भिंतीला चिकटवूनही नको. यूपीएसवर काटकसर तर अजिबात नको.