रेघ कुणाची?

प्रश्न : मुलगा फुटबॉल खेळतो, क्रिकेटही. फुटबॉलमध्ये चेंडू रेघेवर असला तरी खेळ चालू, मग क्रिकेटमध्ये दोरीला नुसता लागला तरी चौकार कसा, असं त्याने विचारलं. मला सांगता येईना. त्यात भाटाच्या मेरेवरून (बागायतीच्या बांधावरून) शेजाऱ्याशी कुरबुर चालू आहे. तो म्हणतो, मेर त्याची. रेघ नेमकी कुणाची असते?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : तुमच्या मुलाला जे आत्ताच सुचलं, ते कळायला माझी मोजणीतली अर्धी नोकरी गेली. रेषेला जाडी नसते, हे भूमितीच्या पुस्तकात. मैदानावरच्या चुन्याला असते. म्हणून तो चुना कुणाचा, हे प्रत्येक खेळाला आधीच ठरवावं लागतं. फुटबॉलची रेघ मैदानात धरतात. अख्खा चेंडू ओलांडून गेल्याशिवाय तो बाहेर नाही, गोलही नाही. क्रिकेटची दोरी मैदानाबाहेरची. क्रीजची रेघसुद्धा बॅट्समनची नव्हे: बॅट रेघेवरच राहिली, आत टेकली नाही, तर धावबाद.

समुद्रापुढे चुना कोण मारणार? तिथे उधाणाच्या भरतीचं पाणी जिथवर चढतं ती रेषा धरतात आणि किनाऱ्यावरच्या बांधकामाचं अंतर तिथून मोजतात. नदी म्हणजे हद्द, असं तर पेडण्यात कुणी म्हणूच नये. केरीच्या काठावर उभं राहा. तेरेखोलचा किल्ला नदीपलीकडे, तरी गोव्यातच!

आता मेर. नकाशा १:१००० चा असेल, तर त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अर्धा मीटर होते. डिचोलीकडे दोन चुलतभावांची मेर मोजायला गेलो होतो. दर पावसाळ्याआधी एक जण आपल्या बाजूने खोऱ्याने माती ओढायचा, दुसरा त्याच्या बाजूने भर घालायचा, आणि मेर हळूहळू सरकत चाललेली. मधोमध भिरंडीचं, म्हणजे कोकमाचं, झाड. टेप लावली तर रेघ नेमकी खोडातून! फळं कुणाची, म्हणून दोघेही माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, माझी रेघ या खोडापेक्षा जाड आहे, ती काय न्याय देणार?

तुम्ही भू-सर्वेक्षण खात्याकडे सीमांकनाचा अर्ज जरूर करा. पण मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यालाही टेपेचं एक टोक धरायला सांगा. नुसतं बघत उभं राहणारा माणूस माप मानत नाही, हा माझा अनुभव.

त्या भावांकडून पुढच्या मे महिन्यात दोन पुड्या सोलं आली. वेगवेगळ्या घरांतून, एकाच झाडाची.